इंजिनावरची गोधडी

मिल्टन कीन्स
२१ सप्टेंबर २०२५

ती. शशीमामा,

साष्टांग नमस्कार घालायची इच्छा आहे, पण लॉरीच्या केबिनमध्ये तेवढी जागा नाही. गुडघे स्टिअरिंगला लागतात. म्हणून बसल्या बसल्याच घालते, गोड मानून घ्या.

हो, लॉरीच्या केबिनमधूनच लिहिते आहे. तुमच्या भाचीला नोकरी लागली! बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं, आता त्रेपन्नाव्या वर्षी डिझेल तपासते आहे. लायसन्सची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्या खेपेला राउंडअबाउटवर चुकीच्या लेनमध्ये शिरले होते. जिथे पावलोपावली असे गोल चौक आहेत त्या मिल्टन कीन्समध्ये राहून राउंडअबाउटवर नापास होणं म्हणजे नाशिकच्या माणसाने द्राक्ष न ओळखणं, असं सतीश सगळ्यांना सांगत फिरतो.

घरी काय वातावरण आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. सतीश दिवसभर पेशंटना भूल देतो, घरी आल्यावर मला द्यायला बघतो. म्हणतो, "एखादा छंद लाव ना. पॉटरी कर." ईशिता मात्र खूष आहे. तिने ऑफिसात सगळ्यांना माझा फोटो दाखवला. "माझी आई लिटरली लॉरी चालवतो," असं म्हणाली. मराठीचं व्याकरण तिने कधीच सोडून दिलंय, पण अभिमान अगदी शुद्ध होता.

कंपनी लहान आहे, आठ गाड्यांची. मॅनेजर ग्लेनिस नावाची वेल्श बाई आहे, माझ्याच वयाची, बोलायला फटकळ. तिने स्पष्ट सांगितलं आहे की ३१ जानेवारीपर्यंत मी ट्रायलवर. हिवाळ्यात स्कॉटलंडच्या डोंगरातली एक तरी खेप एकटीने नीट करून दाखवली, तर नोकरी पक्की. नाही जमली, तर गोदामात टेबलामागे बसून खोके मोजायचे. मामा, मला खोके मोजायचे नाहीत. उभं आयुष्य टेबलामागे गेलं माझं.

मला दिलेली गाडी अठरा टनांची आहे, जुनी आणि खोकणारी. दुसरं कुणी घेत नाही म्हणून माझ्या वाट्याला आली. या घराण्यात थंडीत ट्रक चालवलेला माणूस एकच. तेव्हा सांगा, काय काय करू?

फोन करणार होते, पण मागच्या वेळी तुम्ही अर्धं ऐकलंत आणि उरलेलं तुमच्या राजीवने ऐकून तुमच्या वतीने उत्तरं दिली. पत्रच बरं.

तुमची,
सुप्रभा

---

ब्रॅकनेल
२६ सप्टेंबर २०२५

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक तुझ्या गिअरबॉक्सला.

तुझं पत्र तीनदा वाचलं. राजीवने विचारलं, "बाबा, कुणाचं?" मी म्हटलं, रेजिमेंटचं. तो आणि सूनबाई सीमा दिवसभर आपापल्या लॅपटॉपशी बोलत असतात, त्यामुळे माझ्याशी बोलायला कुणी आहे याचंच त्यांना नवल वाटलं. इथे मला गाडीच्या पुढच्या सीटवर बसायलाही बेल्ट तपासून देतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो म्हणजे काय काचेचा झालो? ज्याने शक्तिमान ट्रक द्रासपासून लेहपर्यंत नेला, त्याला आता सीमा सुपरमार्केटात ट्रॉली ढकलू देत नाही. असो.

तू विचारलंस म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, दसरा सहा दिवसांवर आला आहे. पूजा केल्याशिवाय गाडी लांबच्या रस्त्याला काढू नकोस. हार, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. आणि टाकी काठोकाठ भरून मग पूजा कर. अर्ध्या टाकीची पूजा आमच्या युनिटमध्ये कुणी करत नसे. आमचा सुभेदार म्हणायचा, उपाशी जनावराला कुंकू लावू नये. हे विसरलीस तर मी तुझा मामा नाही.

दुसरी गोष्ट, गाडी खोकते म्हणून तिला नावं ठेवू नकोस. आधी तिचं ऐकायला शीक. रोज सकाळी निघायच्या आधी दोन मिनिटं नुसती इंजिनाजवळ उभी राहा. आठ दिवसांत तिचा कोणता आवाज रोजचा आणि कोणता आजचा, हे तुला कळायला लागेल.

तिसरी गोष्ट राजीवच्या गाडीतून रविवारी येईल. तुझ्या मामीची गोधडी. ती गेल्यापासून तीन वर्षं माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून आहे. इथल्या सेंट्रल हीटिंगमध्ये पांघरली तर घाम येतो. केबिनमध्ये झोपायची वेळ येईल तेव्हा तिच्यासारखी ऊब दुसरी नाही. नीट वापर.

सतीशरावांना सांग, भाची माझ्यावर गेली आहे, इलाज नाही.

तुझा,
शशीमामा

---

मिल्टन कीन्स
५ ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

गोधडी मिळाली. उघडली आणि डांबराच्या वासाआडून मामींच्या हाताचा वास आला. खरंच आला. मी त्यांच्या हिरव्या इरकलीचा तुकडा लगेच ओळखला. मी लहान असताना सणासुदीला नेसायच्या त्या. थोडी रडले, मग घडी करून केबिनमध्ये ठेवली.

आता दसऱ्याची हकिकत. गुरुवारी सकाळी सहा वाजता यार्डात पोचले. झेंडू इथे मिळाले, पण आंब्याची पानं कुठली? लॉरेलच्या झुडपाची लावली. गाडीला काय कळतंय! ग्लेनिस चहाचा कप घेऊन आली आणि बघत उभी राहिली. नारळ कुठे फोडायचा याचा मी विचार करत होते, तर तिनेच मोठा पाना आणून दिला. लिंबू चाकाखाली ठेवल्यावर मात्र म्हणाली, "आणि हे इन्शुरन्सला कळवायचं का?" प्रसादाचं खोबरं तिने दोनदा घेतलं.

टाकी आदल्या दिवशीच काठोकाठ भरली होती, चारशे लिटर. आणखी एक थेंब जाईना. तुमच्या सुभेदारांना सांगा, जनावर तुडुंब जेवलं.

पण मामा, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पूजा आटोपून गाडी यार्डाबाहेर काढली आणि पहिल्याच चढावर गिअरबॉक्सने मान टाकली. तुमचा आशीर्वाद नेमका तिथेच कमी पडला. जुना सुटा भाग मिळायला वेळ लागणार, म्हणून आता गाडी दुरुस्तीच्या शेडमध्ये, हारासकट आणि भरल्या टाकीसकट. तोवर मी दुसरी छोटी गाडी घेऊन बेडफर्ड, नॉर्दम्प्टन अशा जवळच्या खेपा करते आहे.

सतीश म्हणाला, "हा संकेत आहे." मी म्हटलं, हा गिअरबॉक्स आहे.

सोबत फोटो पाठवते. झेंडूच्या हारातली लॉरी बघा, कशी नवरीसारखी दिसते आहे.

तुमची,
सुप्रभा

---

ब्रॅकनेल
२४ नोव्हेंबर २०२५

चि. ठकीस,

आशीर्वादांचा साठा अजून शिल्लक आहे, गेल्या वेळचा परत घेऊन नवीन पाठवतो.

फोटो फ्रिजवर लावला आहे. सीमाने तो दोनदा काढून कागद लावायच्या फळीवर नेला, मी दोनदा परत आणला. आता तिने नाद सोडला आहे.

थंडी सुरू झाली, आता लक्ष देऊन वाच. द्रासला आमचं इंजिन रात्री गोठू नये म्हणून संध्याकाळी रेडिएटरमधलं सगळं पाणी काढून टाकावं लागे आणि स्टिअरिंगला "पाणी नाही" अशी पाटी अडकवायची. सकाळी चुलीवर पाणी तापवून पुन्हा भरायचं. तुमच्या गाड्यांत न गोठणारं औषध घातलेलं पाणी असतं, ते सुख. पण त्या औषधाचं प्रमाण मेकॅनिककडून मोजून घे. थंडी इंजिनावर तीन वाटांनी येते, पाण्यातून, बॅटरीतून आणि डिझेलमधून. एक जरी वाट उघडी राहिली तरी पुरते.

आम्ही तेव्हा टाकीखाली स्टोव्ह पेटवून ठेवायचो. हे मी केलं आहे आणि देवाने वाचवलं आहे. तू असलं काही करू नकोस. जाळ गाडीजवळ नाही म्हणजे नाही.

त्याऐवजी दोन वस्तू कायम जवळ ठेव. एक, जादा डिझेल फिल्टर, आणि तो बदलायला आत्ताच शिकून घे, डोळे मिटून जमायला हवं. दोन, एक मोठा सुती पंचा. फिल्टर थंडीने तुंबला तर त्याला पंचा गुंडाळून वरून कढत पाणी ओतत राहायचं, दमाने, घाई न करता. कापड ऊब धरून ठेवतं. चार लिटर पाण्यात जे होतं ते शंभर शिव्यांनी होत नाही.

मला विचारशील तर एकच खंत आहे, हे सगळं कागदावर सांगावं लागतंय. शेजारी बसून सांगितलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं. पण राजीवला विचारलं तर तो डॉक्टरला विचारेल, डॉक्टर गुगलला विचारेल.

गोधडीची ऊब कशी आहे?

तुझा,
शशीमामा

---

मिल्टन कीन्स
८ जानेवारी २०२६

ती. मामा,

गाडी नाताळाच्या आधी दुरुस्त होऊन आली. रविवारी उत्तरेची खेप घेऊन निघाले, काल परत आले. माल पोचला. थंडी होती. सगळं ठीक आहे. बाकी भेटल्यावर.

सुप्रभा

---

ब्रॅकनेल
१३ जानेवारी २०२६

चि. सुप्रभास,

ठकी म्हणून लिहिलेलं नाही हे लक्षात आलं असेल.

सहा वाक्यं? गिअरबॉक्सवर तू मला पानभर लिहिलंस, आणि स्कॉटलंडच्या डोंगरातून आल्यावर सहा वाक्यं? मी फौजेत पंचवीस वर्षं काढली. "सगळं ठीक आहे" असा रिपोर्ट ज्या गाडीकडून यायचा, तिच्याकडे आम्ही आधी क्रेन पाठवायचो.

मी तर्क केला. एक, तुझी नोकरी गेली. दोन, गाडी घसरली आणि तुला लागलं आहे. तीन, सतीशरावांशी भांडण झालं. यातलं कोणतंही असलं तरी तुझा मामा ऐकू शकतो. काल रात्री जेवलो नाही, सीमाने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. या वयात तरी मला खोटं बोलायला लावू नकोस.

उद्या संक्रांत. पाकिटात तिळाच्या वड्या आहेत, सीमाने केल्यात, चांगल्या झाल्यात. दरवर्षी आपण म्हणतो, तिळगूळ घ्या, गोड बोला. तू यंदा गोड बोलू नकोस, खरं बोल.

शशीमामा

---

मिल्टन कीन्स
१६ जानेवारी २०२६

ती. मामा,

पाकिटात वड्यांचा पार भुगा झाला होता, चमच्याने खाल्ला. मला लागलेलं नाही, भांडण झालेलं नाही, नोकरी अजून तरी आहे. जेवा आता. सगळं सांगते.

नऊशे दुलया होत्या मालात. एव्हीमोरजवळच्या एका मोठ्या हॉटेलला मंगळवारी दुपारी एकच्या आत पोचवायच्या होत्या. रविवारी रात्री कार्लाइलच्या अलीकडे थांबले. सोमवारी डोंगरात शिरले तर बर्फ एवढा की पुढचा रस्ताच बंद केला. पोलिसांनी डॅलव्हिनीजवळ एका कॅफेच्या आवारात गाड्या वळवल्या. तापमान उणे चौदा. गंमत बघा, पाठीमागे नऊशे दुलया, सगळ्या सीलबंद, आणि मी पुढे दोन स्वेटर घालून कुडकुडते आहे! केबिनचा हीटर पहाटे चारला बंद पडला. मामींची गोधडी नसती तर हे पत्र तुम्हाला आलंच नसतं.

सकाळी सातला चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, मिनिटभर चाललं आणि खोकून बंद पडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज दोन मिनिटं उभी राहून तिचा आवाज ऐकत आले आहे, त्यामुळे लगेच कळलं, हा तिचा रोजचा खोकला नाही. तिला डिझेल मिळत नाहीये. फिल्टरची वाटी उघडली तर आत थिजलेलं तूप. अगदी तसंच, पांढरं आणि दाट.

कॅफेची मालकीण मोरॅग म्हणाली, हिवाळ्याचं डिझेल वेगळं असतं, ते पंपांवर नोव्हेंबरच्या मध्यात येतं. माझ्या टाकीत कधीचं आहे? आणि मामा, तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझ्या टाकीत ऑक्टोबरचं डिझेल होतं. गाडी अडीच महिने शेडमध्ये उभी, टाकी तशीच भरलेली. निघताना काटा फुल दाखवत होता, म्हणून मी वाटेत थेंबभरही भरलं नाही. निष्काळजीपणा सगळा माझा.

मदतीची गाडी दुपारी चारनंतर येणार होती. मला एकला पोचायचं होतं. ग्लेनिसला फोन करायला हात गेला आणि डोळ्यांसमोर ते खोके आले. म्हटलं, आधी मामांचं ऐकू.

जादा फिल्टर होता. मोरॅगने किटलीमागून किटली कढत पाणी दिलं, अकरा किटल्या मोजल्या मी. कापड गुंडाळून पाणी ओतत राहिले, फिल्टरला, मग टाकीतून येणाऱ्या नळीला. शेजारी बर्फ हटवणारा एक म्हातारा होता. त्याने हिवाळी डिझेलचे दोन कॅन आणून टाकीत ओतले आणि विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "माय अंकल. इंडियन आर्मी." त्याने तिथल्या तिथे, रबरी बुटांत, कडक सॅल्यूट ठोकला. तो तुमचा, तुम्हाला पाठवते.

नवा फिल्टर बसवला, हाताने पंप करून डिझेल वर आणलं, चावी फिरवली. सुरू झाली, आणि सुरूच राहिली! मी आणि मोरॅग बर्फात नाचलो. तोवर रस्ताही उघडला. बारा चाळीसला हॉटेलच्या दारात होते.

ग्लेनिसला मी सगळं खरं सांगितलं, उभ्या गाडीचं डिझेल बदललं नाही ते सुद्धा. ती "हं" म्हणाली. तेव्हापासून नुसतं "हं" चाललंय. निकाल महिनाअखेर.

गोधडी छान आहे. घडी करून ठेवली आहे.

तुमची,
सुप्रभा

---

मिल्टन कीन्स
१७ जानेवारी २०२६

ती. मामा,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरापर्यंतही चैन पडेना. तुम्ही खरं बोल म्हणालात आणि मी शेवटच्या ओळीत खोटं लिहिलं.

पंचा मी घरी विसरले होते. टॉवेल खिडकीच्या फटीत लावला होता, तो सकाळी पापडासारखा झालेला. फिल्टरला गुंडाळलं ते कापड मामींची गोधडी होती.

फिल्टर उघडताना त्यावर डिझेल सांडलं, भरपूर. नंतर ती गोठून फळीसारखी उभी राहिली. घरी आणून चार वेळा धुतली. वास जात नाही, आणि मधोमध परातीएवढा काळा डाग आहे. मशीनलाही वास लागला. सतीश म्हणतो, "ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट विचारतात, डॉक्टर, गॅरेजमधून आलात का?" ईशिता म्हणते, "आई, माझी कोट टोटली डिझेल स्मेल करते." सगळे हसतात. मी हसते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते.

तुमच्याकडे मामींचं दुसरं काय उरलंय? हेच ना? ते तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि मी त्याची मेकॅनिकची चिंधी केली. मला माफ करा.

ठकी

---

ब्रॅकनेल
२१ जानेवारी २०२६

चि. ठकीस,

आशीर्वाद. सगळे, शिल्लक न ठेवता.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी माझा गुन्हा. "निष्काळजीपणा सगळा माझा" असं लिहिलंस, ते खोडून टाक. टाकी काठोकाठ भर असं कुणी सांगितलं? गाडी भरल्या टाकीसकट शेडमध्ये गेली हे तू मला पाच ऑक्टोबरला कळवलंस. लडाखात चार हिवाळे काढलेल्या माणसाने ते वाचलं आणि झेंडूच्या फोटोवर खूष होऊन बसला. नोव्हेंबरात तुला तीन वाटा शिकवल्या, आणि तिसरी वाट मीच सताड उघडून ठेवली होती. उपाशी जनावराची गोष्ट सांगणारा सुभेदारही अंबाल्याच्या मैदानी उन्हात होता, बर्फात नव्हे, हे आत्ता आठवलं. तू हे मुद्दाम लिहिलं नाहीस, मला वाईट वाटेल म्हणून. कळलं मला.

आता गोधडी. ती समोर घे. इरकलीच्या हिरव्या तुकड्याच्या डावीकडे, कोपऱ्यात, एक तपकिरी चौकड्यांचा तुकडा आहे. बाकी सगळ्या साड्या आहेत, तेवढाच एक माझ्या शर्टाचा. तो उसव. कात्रीने नको, ब्लेडने एकेक टाका काप. मग पुढचं वाच.

उसवलास?

१९८४ साली तुझ्या मामीने ही गोधडी मला पार्सलने कारगिलला पाठवली होती. पहिल्याच आठवड्यात उणे पंचवीस. मी ती स्वतःवर घ्यायच्या ऐवजी रोज संध्याकाळी शक्तिमानच्या बॉनेटवर घातली. दोन हिवाळे ती इंजिनावर झोपली आणि मी फौजी कांबळ्यात. सुटीवर आलो तेव्हा तिच्यावर इंजिन ऑइलचा हा एवढा डाग. मी घाबरत घाबरत पुढे केली. तुझी मामी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझा चांगला शर्ट फाडला, डागावर लावला आणि म्हणाली, "मेली सवत तरी उबेला राहिली ना?" तेव्हापासून आमच्या घरात ट्रकला सवत म्हणत.

मी पत्रात लिहिलं होतं, नीट वापर. नीट ठेव म्हटलं नव्हतं. ती बेचाळीस वर्षांनी पुन्हा इंजिनापाशी गेली आणि गाडी सुरू करून आली. मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही, म्हणून सांगतो, काल दोनदा जेवलो.

परातीएवढा डाग आहे म्हणतेस. मग परातीएवढा तुकडा लाव. कशाचा ते तू ठरव.

तुझा,
शशीमामा

---

मिल्टन कीन्स
२७ जानेवारी २०२६

ती. मामा,

तुम्ही सांगितलंत तसा एकेक टाका कापला. तुकडा उचलला आणि खाली तो डाग दिसला, काळा, तळहाताएवढा. मी नाक लावून बघितलं. बेचाळीस वर्षं झाली, मामींनी किती वेळा धुतली असेल, आणि तरी मामा, अजून अगदी थोडा वास येतो. सतीशला हुंगायला दिलं. तो दोनदा हुंगून म्हणाला, "म्हणजे हे आनुवंशिक आहे." रात्री सुई त्यानेच ओवून दिली. सर्जनपेक्षा बरा हात आहे त्याचा.

तुमच्या शर्टाचा तुकडा होता तसा परत शिवला. माझ्या डागावर माझ्या जुन्या लॅबच्या पांढऱ्या कोटाचा तुकडा लावला आहे. आता तो कोट लागणार नाही. काल ग्लेनिसने बोलावून पक्क्या नोकरीचा कागद हातात दिला. म्हणाली, चूक सगळ्यांची होते, पण ती स्वतःहून सांगून वर एकला वीस मिनिटं कमी असताना पोचणारी बाई टेबलामागे बसवायला ती वेडी नाही. मग विचारलं, किटलीची युक्ती कुणाची? आणि तुम्ही कुठे राहता?

तेव्हा आता हे वाचा आणि लगेच राजीवला दाखवा. ग्लेनिसने शेजारच्या सीटवर प्रवासी बसवायचा कागद सही करून दिला आहे, इन्शुरन्ससकट. त्यावर तुमचं नाव आहे, आणि कारणाच्या रकान्यात तिने लिहिलंय "विंटर ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर". सोमवारी, दोन फेब्रुवारीला, पर्थपर्यंतची खेप आहे. परतीची रात्र हॉटेलात, केबिनमध्ये नाही, त्यामुळे डॉक्टरला विचारायचं कारण नाही. तरी राजीवने विचारलंच तर सांगा, सतीश डॉक्टर आहे आणि त्याने हो म्हटलंय.

सकाळी सहाला तुमच्या दाराशी हॉर्न वाजेल. दोन स्वेटर घाला. टाकी मी ब्रॅकनेलला, तुमच्यासमोर भरणार आहे, ताज्या हिवाळी डिझेलने, काठोकाठ. आणि गोधडी तुमच्या सीटवर असेल. या खेपेला ती इंजिनाला द्यायची नाही, तुम्ही पांघरायची.

तुमची,
ठकी